पुढून एक सूत

४ नोव्हेंबर, मंगळवार

दादा, जय भीम.

हे पत्र प्रीतमच्या हातात देतेय. तो टेम्पो घेऊन कळंबोलीला लोखंड भरायला जातो आणि तू तिथेच कुठल्यातरी यार्डात आहेस, एवढंच तो सांगतो. नंबर दे बोलली तर बोलतो, "तुझ्या भावाने शपथ घातलीय मला." म्हणून लिहावं लागतंय. पाकीट ग्रॅनाइटच्या काळ्या पेस्टने चिकटवलंय. सुकल्यावर ती छिन्नीशिवाय निघत नाय, तुला माहितीय. प्रीतमवर माझा भरोसा नाय. फोडलेलं मिळालं तर कळव.

तू जाऊन आठ महिने झाले. परत ये असं लिहायला बसलेली नाय मी. एक गोष्ट विचारायचीय, पण आधी काय झालंय ते वाच, मग उत्तर दे. मधेच फाडू नको.

गावातली गोजरा आजी आठवते ना? तिच्या त्या चाळीच्या जागेवरची बिल्डिंग. तळमजल्याचा किचनचा ओटा तू आणि पप्पांनी केलेला, एल आकाराचा. लांब तुकडा खिडकीच्या भिंतीला, छोटा तुकडा त्याला आडवा, कोपऱ्यात दोघांचा जोड. तो जोड अजून तसाच आहे. बोट फिरवलं तर कळत नाय कुठे एक तुकडा संपला आणि दुसरा लागला.

मग तू गेलास. त्यानंतर पहिल्या माळ्याचा ओटा झाला, जोड मागून बंद आणि पुढून उघडा. दुसऱ्या माळ्याचा पण तसाच. मागे भिंतीजवळ केस जात नाय, आणि पुढे काठाला एक सूत फट. काडेपेटीची काडी आरामात जाते. दोन्ही वेळा पप्पांनी पेस्ट भरून वरून पॉलिश मारलं. चार महिन्यांत पेस्ट खाली बसली.

गुरुवारी गोजरा आजीने मला आणि पप्पांना वर बोलावलं. दुसऱ्या माळ्यावर भाडेकरू मासे साफ करतात ओट्यावर, सगळं पाणी जोडात जातं आणि मुंग्या येतात. आजीने मुठीतून थोडा सुका जवला काढला आणि जोडावर टाकला. दोन-तीन आत गेले.

"शिवराम, यो जोड हाय का दर्याची खारी हाय? आता होरी सोडू का यात?"

पप्पा खाली बघत होते. आजी बोलली, "खालचा बघ ना. तो पन तूच केलास ना? का तुझा पोरगा करायचा न तू नुस्ता उभा रायचास?"

पप्पा बोटाने जोडातला जवला काढत बसले, दादा.

आता तिसरा माळा राहिलाय. आजीच्या नातवाचं, दिपेशचं लग्न डिसेंबरमध्ये आहे आणि तो बायकोला घेऊन तिथेच राहणार. आजीने सांगितलं, हा जोड बिघडला तर गावात घरोघरी सांगेन. आणि पप्पांना सगळी कामं त्या गावातूनच मिळतात, एकाने दुसऱ्याला सांगितल्यावर. आई आतापासून बोलायला लागलीय, नाय जमलं तर गंगाखेडला परत जाऊ. पप्पा तिला गप्प बस पण बोलत नाय.

तुझ्या जागेवर रणजीत म्हणून एक माणूस आलाय, सांगलीकडचा, तीस-बत्तीसचा असेल. तो आल्यापासून जोड उघडतायत. तू गेल्यापासून पण उघडतायत. दोन्ही एकाच आठवड्यात झालं, त्यामुळे नक्की कोणामुळे ते मला कळत नाय.

लोक काय बोलतात माहितीय? हार्डवेअरवाला मला तोंडावर बोलला, "तुझा भाऊ जाताना काहीतरी करून गेला असणार."

मी त्याला उत्तर दिलं नाय. मला कुणाला उत्तर देता येत नाय, तू ओळखतोस मला. पण रात्रभर विचार केला, हा बोलतो त्यात काय तथ्य असेल तर?

म्हणून विचारते. जाण्याच्या दिवशी तू गाळ्यात एकटा किती वेळ होतास? हत्यारांना हात लावला होतास का? हो किंवा नाय, एवढंच लिही.

शाळेचं काही विचारू नको. मी साईटवर जाते, दोरी धरते, पुठ्ठे कापते. ठीक आहे.

मैत्री


९ नोव्हेंबर, रविवार

दादा,

तुझं उत्तर नाय आलं. प्रीतम बोलतो पाकीट दिलं. "उघडायला त्याला ग्राइंडर लागला," असं पण बोलला आणि हसला. म्हणजे तुला मिळालंय आणि तू लिहीत नायस. जो काय लपवत नाय तो लगेच लिहितो.

तोपर्यंत मी रणजीतवर नजर ठेवलीय.

एक, त्याची कॅनव्हासची पिशवी. ती तो कुणाला उचलू देत नाय. मी एकदा बाजूला सरकवली तर धावत आला. "ए मैत्री, राहू दे राहू दे, जड आहे." जड नव्हती.

दोन, तो पप्पांच्या पाठीमागे गोजरा आजीकडे चहा प्यायला जातो. पप्पांना सांगतो पान खायला गेलो होतो. त्याचे दात पांढरे आहेत.

तीन, हे महत्त्वाचं. पप्पा दगडावर कापायची रेघ मारतात तेव्हा हा तिथून निघून जातो. दर वेळी. कधी पाण्याची मोटर बघतो, कधी फोन येतो. पण एकदा पण रेघेकडे बघत नाय. मी विचार केला, जो माणूस दगड कापणार तो रेघ बघत का नसेल? कारण त्याला आधीच माहितीय ती कुठे जाणार.

तुला काम माहितीय तरी लिहिते, कारण मला पण नीट बघायचंय चूक कुठे घुसते. कोपऱ्याची भिंत पप्पा दोरीने तपासतात. तीन फूट इकडे, चार फूट तिकडे, मधे पाच आलं तर काटकोन. मी दोरी धरते. तिसऱ्या माळ्यावर मी तीनदा मोजलं, पाच फूट बरोब्बर, केसभर पण फरक नाय. म्हणजे भिंत वाकडी नाय. मग गाळ्यात येऊन छोट्या तुकड्यावर पप्पा तो काटकोनाचा मोठा लोखंडी गुण्या ठेवतात, दोन फुटी, आणि त्याला टेकवून आडवी रेघ मारतात. मग रणजीत कापतो. पहिल्या आणि दुसऱ्या माळ्याला मी त्याचा कट बघितला होता, पाण्यात उभी राहून. ब्लेड रेघेवरच चाललं होतं. हलला नाय हात.

भिंत बरोबर, कट बरोबर, तरी जोड उघडा.

मग आज दुपारी पप्पा जेवायला गेले आणि रणजीत मोरीत हात धूत होता, तेव्हा मी पिशवी उघडली. हो, उघडली. तू पण माझं दप्तर उघडायचास.

आत एक गुण्या होता. नवीन, स्टीलचा, फडक्यात गुंडाळलेला. आपल्याएवढाच मोठा.

आता सांग, गाळ्यात गुण्या असताना माणूस दुसरा गुण्या लपवून कशाला आणेल? मला वाटतं तो पप्पांचं काम बिघडू देतोय, आणि तिसऱ्या माळ्याला आजीसमोर स्वतःचा गुण्या काढून नीट जोड करून दाखवणार. मग गावातली सगळी कामं त्याची. तुझा त्यात हात आहे का? तुम्ही दोघं ओळखता का एकमेकांना? त्याला आपल्याकडे कोणी पाठवलं हे पप्पांनी मला कधी सांगितलं नाय.

मैत्री

आईने तुझी निळी चादर धुऊन ठेवलीय. मी फक्त सांगतेय.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

दादा,

आज मी हे पत्र शांतपणे लिहितेय.

काल गाळ्यात कोणी नव्हतं. पप्पा ग्रॅनाइटचे स्लॅब बघायला गेलेले आणि रणजीत ब्लेड आणायला. मी एक अख्खी प्लायची शीट जमिनीवर टाकली. तू मला सहावीत शिकवलेलं आठवतं? गुण्या खरा आहे का खोटा, कसं बघायचं? काठाला टेकवून एक रेघ मारायची. मग गुण्या पालथा घालायचा, तोंड दुसऱ्या बाजूला, आणि त्याच ठिकाणाहून परत रेघ मारायची. दोन रेघा एकावर एक आल्या तर खरा. फाकल्या तर खोटा, आणि जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक.

आधी रणजीतचा ठेवला. मला पक्की खात्री होती की तोच खोटा निघणार.

एकच रेघ दिसली. दुसरी पहिलीवरच बसली.

मग पप्पांचा ठेवला. खाली दोन्ही रेघा एकत्र, आणि वर दोन फुटांवर दोन सूत लांब.

दोनाच्या निम्मं एक सूत.

मी तीन वेळा केलं. पेन्सिल बदलून केलं. मग प्लाय उलटी करून भिंतीला लावून ठेवली, कोणी बघू नये म्हणून.

पप्पांचा गुण्या वीस वर्षांचा आहे. तळमजल्याच्या जोडापर्यंत तो खरा होता, तो जोडच साक्ष आहे. तू गेलास आणि तो खोटा झाला. लोखंड आपोआप वाकत नाय. रणजीतला कशाला वाकवायचा असता? त्याच्याकडे स्वतःचा आहे. आणि पप्पांच्या गुण्याला हात लावायची परवानगी गाळ्यात दोघांनाच होती, पप्पांना आणि तुला. मला तर पप्पा धरू पण द्यायचे नाय, पडला तर जाईल बोलायचे.

म्हणजे तू.

हार्डवेअरवाला खरं बोलत होता आणि मी आठ महिने मनात तुझी बाजू घेत बसली. पप्पांवर राग होता तर पप्पांशी भांडायचं होतं. त्यांच्या हातात खोटं हत्यार देऊन जायचं? त्यांना अख्ख्या गावासमोर मान खाली घालायला लावायची? आजी बोलत होती तेव्हा पप्पांचे हात बघायला हवे होतेस तू.

मला माहितीय तू माझ्या शाळेवरून भांडलास त्यांच्याशी. मला मधे आणू नको. त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाय.

मी अजून पप्पांना सांगितलं नाय. तुला शनिवारपर्यंत वेळ देते. तू लिहिलं नाय तर मी सांगणार की संघर्षने गुण्या वाकवला.

मैत्री


१८ नोव्हेंबर, मंगळवार

दादा,

मिळालं. वजनकाट्याच्या पावतीच्या मागे लिहिलंस. तुझं अक्षर आधीपेक्षा वाईट झालंय. पावतीच्या पुढे गाडीचं वजन आहे आणि वर यार्डाचा पत्ता छापलाय, हे तुझ्या लक्षात आलं नसणार.

चारच ओळी आहेत आणि कडेला एक बारीक, मला पाठ झाल्या. "गुण्याला मी हात लावला नाय. गुण्या माझ्याकडे आला होता. मी खाली वाकलो म्हणून तो मागच्या स्टँडला लागला. स्टँड बघ, मग पप्पांना विचार कुणी फेकला."

मी बघितला. स्लॅब उभे करायचं हिरवं लोखंडी स्टँड, दारापासून दुसरं. आडव्या पाइपवर रंग उडून चांगला खड्डा पडलाय. मी त्याच्यापुढे उभी राहिली. तो खड्डा माझ्या डोळ्यांच्या वर येतो. तू माझ्यापेक्षा उंच आहेस, म्हणजे तुझ्या गळ्याशी येईल, किंवा तोंडाशी. तू वाकला नसतास तर?

घरी आम्हाला पप्पा बोलले होते, "स्वतः गेला. त्याला बाप नकोय." एवढंच. मी आणि आई तेच धरून बसलो.

मग पिशवीचं पण समजलं. मी रणजीतला तोंडाने विचारू शकली नसती, म्हणून टाइलच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, "मी तुमची पिशवी उघडली. दुसरा गुण्या कशाला?" आणि त्याच्या डब्यावर ठेवलं. त्याने वाचलं. मला वाटलं ओरडेल. तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलला.

"पहिल्याच दिवशी कळलं मला, तुझ्या बापाचा गुण्या गेलाय. नवीन आणला विकत. पण द्यायचा कसा?"

मी खांदे उडवले.

"त्यांना सांगायला गेलो, तर नुसतं गुण्या शब्द काढला, आणि असं बघितलं माझ्याकडे! मी बोललो जाऊ दे बाबा. बाजूवाला बोलला, आधीचा होता तो ह्या गुण्यावरूनच गेला. मला घर आहे, दोन पोरी आहेत. मी कशाला येडेपणा करू?"

"आजीकडे?" मी बोलली. तेवढाच शब्द निघाला.

"म्हातारीला सांगत होतो, अजून एक चान्स दे. नायतर ती पहिल्या माळ्यालाच हाकलणार होती. आणि ती मला जवल्याची चटणी खायला घालते. चहा नाय, चटणी. तिखट!"

म्हणून तो रेघेकडे बघत नव्हता. बघितली असती तर बोलावं लागलं असतं.

पण दादा, ह्याच्याहून वाईट सांगते. पप्पांना माहितीय.

मी आता त्यांना रेघ मारताना नीट बघते. गुण्या टेकवल्यावर ते अंगठ्याने त्याचं टोक जरासं ढकलतात. मग डोळा बारीक करून बघतात. मग परत थोडं मागे घेतात. आधी मला वाटायचं सवय असेल. ती सवय नाय. ते अंदाजाने चूक भरून काढायला बघतात, आणि टोक बरोबर जागी यायला लागलं की त्यांना वाटतं जास्त झालं, म्हणून परत मागे घेतात. नवीन गुण्या कुठल्याही दुकानात मिळतो. पण नवीन आणला तर जुन्याला काय झालं ते सांगावं लागेल. दोन ओटे बिघडवले पण सांगितलं नाय. घरातल्या कुणालाच नाय.

मी तुझ्यावर आळ घेतला. माफी नंतर मागते, कारण अजून एक आहे आणि ते सगळं एकदम मागावं लागेल. तू कडेच्या ओळीत लिहिलंस की पप्पा तुला "खोटारडा" बोलले आणि मग फेकला. ते तसं का बोलले हे तुला आजपर्यंत कळलेलं नाय.

मला कळलंय. मला आधीपासून माहीत होतं.

उद्या-परवा लिहिते. आज नाय होत.

मैत्री


२२ नोव्हेंबर, शनिवार

दादा,

आधी ते लिहिते, नायतर बाकीचं लिहीत बसेन.

नववीत तोंडी परीक्षा सुरू झाली तेव्हा मॅडम मला रोज फळ्याजवळ उभी करायच्या. माझ्या तोंडातून आवाज निघायचा नाय. पोरं टेबल वाजवायची, एक दोन तीन मोजायची, किती वेळ गप्प राहते बघायला. एकदा दोनशेपर्यंत गेली. मग मी जायचं बंद केलं. हे मी घरात कुणाला सांगितलं नाय.

तू विचारलंस, शाळेत का जात नायस? मी बोलली, पप्पा नको बोलले, साईटवर हात कमी पडतोय.

पप्पांनी विचारलं. मी बोलली, दादा बोलला शिकून काय होणार, त्याचंच काय झालं.

दोन्ही खोटं होतं. दोघांपैकी कोणी असं बोललं नव्हतं. मला वाटलं तुम्ही दोघं ह्या विषयावर एकमेकांशी बोलणार नाय, कारण तुम्ही तसे पण कामाशिवाय बोलायचे नाय.

पण तू बोललास. तू गाळ्यात त्यांना बोललास, पोरीला शाळेतून का काढलं. पप्पांना वाटलं, स्वतः काढलं आणि आता माझ्यावर ढकलतोय. म्हणून खोटारडा. तुला वाटलं बाप तोंडावर खोटं बोलतोय. तुम्ही दोघं खरंच बोलत होतात.

त्या दिवशी तू घरी येऊन कपडे भरलेस तेव्हा मी मोरीत होती. कडी लावून. तू दार वाजवलंस, "मैत्री, जातो ग." मी नळ सोडला.

गुण्याच्या आळाची आणि ह्याची, दोन्हीची माफी मागते. हे तुला लिहून पुरणार नव्हतं. पप्पांना पण सांगायला हवं होतं, आणि तिसऱ्या माळ्याची रेघ मारायच्या आत. कारण ते परत त्याच गुण्याने मारणार आणि जोड परत उघडणार आणि मग गंगाखेड. मी आधी पुठ्ठ्यावर लिहून द्यायचं ठरवलं. पण पप्पांना वाचायला वेळ लागतो, तेवढ्यात मी पळून गेली असती. म्हणून तोंडाने.

गुरुवारी सकाळी छोटा तुकडा लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला. पप्पांनी गुण्या काढला. रणजीत नेहमीसारखा मोटरकडे निघाला. मी त्याच्या शर्टाला धरलं. एकटीने सांगायची ताकद नव्हती.

"पप्पा."

"काय?"

मग काहीच नाय. ते बघतायत. रणजीत बघतोय. मला पोरांचं मोजणं ऐकू यायला लागलं. किती झालं माहीत नाय. पप्पांनी मोजलं नाय. ते गुण्या हातात घेऊन उभे राहिले, घाई केली नाय, आणि मग माझ्या तोंडातून एकदम सगळं बाहेर आलं. शाळा, तुझ्या नावाने बोललेलं, त्यांच्या नावाने बोललेलं, सगळं उलटसुलट. गुण्या वाकलाय हे मला माहितीय, स्टँड बघितलंय, ते पण.

पप्पा दगडाच्या काठावर बसले. "पाणी बंद कर," रणजीतला बोलले. मोटर बंद झाली.

"त्यो असं कधीच म्हनला न्हाई?"

"नाय."

"शिकू नको म्हनून?"

"नाय पप्पा. तो मला शिकवायचा."

त्यांनी स्टँडकडे बघितलं. मग माझ्यावर ओरडले. चांगलंच ओरडले, तुझ्या वाट्याचं पण समज. "घरी जा!" बोलले. मी गेली नाय. पहिल्यांदाच मी कुठून निघून गेली नाय, दादा. तिथेच उभी राहिली, पाण्यात, चपला भिजल्या.

रणजीतने मधेच पिशवी उघडली आणि फडक्यासकट नवीन गुण्या दगडावर ठेवला. बोलला, "शिवरामभाऊ, जुना पण सरळ होतो. आतल्या कोपऱ्यात पंचचे दोन ठोके दिले की."

"त्याला हात लावू नका," पप्पा बोलले. त्यांनी स्वतः तो उचलून वरच्या फळीवर ठेवला. मग पेन्सिल माझ्यापुढे धरली. "मार रेघ. माझा हात आज सरळ न्हाई चालायचा."

मी मारली, नवीन गुण्याने. रणजीतने ह्या वेळी बघितली. कापताना मी पाणी सोडत होती. मग टेम्पोत घालून गावात, तिसऱ्या माळ्यावर. जिने अरुंद आहेत, दिपेश पण हात लावायला आला. लांब तुकडा आधीच बसवलेला. छोटा हळूहळू सरकवत आणला. शेवटचं बोटभर अंतर राहिलं तेव्हा पप्पा बोलले, थांबा, आणि दोन्ही काठ फडक्याने पुसले. धुळीचा कण राहिला तर तेवढाच उघडा राहतो. मग सरकवला. आवाज आला, दगडाला दगड लागल्याचा, बारीकसा. मी मागून पुढे नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाय.

गोजरा आजी मुठीत जवला घेऊनच वर आली होती. टाकला. वरच राहिला. मग डोक्यातली पिन काढून टोक घालायला बघितलं, ते पण जाईना.

"कोनी केला यो?"

पप्पांनी माझ्याकडे हात केला.

"ही? ही तर बोलत पन नाय!" आजी बोलली. "बरा हाय. आता खालचे दोनी माले पन असेच कर गो बाय. मुंग्या तुझा बाप खानार का?"

म्हणजे दोन्ही छोटे तुकडे काढून नवीन बसवायचेत. सोमवारपासून पहिला माळा. गंगाखेडचं नाव आईने काढलं नाय परत. आईला मी काल सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाय. बरोबर आहे तिचं.

आता शेवटचं, हे नीट वाच.

काल संध्याकाळी पप्पा नळावर हात धूत होते. मला बोलले, "प्रीतमकडं जाती ना तू. संघर्षचा पत्ता हाय का तुझ्याकडं?"

मी हो बोलली. खोटं नाय बोलली.

"दे."

"विचारून देते."

"कुणाला इचारून? आईला?"

"दादाला."

पप्पांचे हात स्वच्छ झाले होते तरी परत साबण लावला.

त्यांना जायचंय तुझ्याकडे. काय बोलणार ते मला माहीत नाय, मी विचारलं नाय. माफी मागतील का परत भांडतील, तेही सांगू शकत नाय. तुला बघायचं नसेल त्यांना, तर तोही तुझा हक्क आहे. मलाही बघायचं नसेल तर तसं लिही.

पावती माझ्या वहीत आहे. पत्ता मी दिलेला नाय आणि तू सांगेपर्यंत देणार नाय. एकदा तुझ्या नावाने मी बोलली, त्याचं काय झालं ते बघितलं. आता तुझं तू लिही, दे किंवा नको. जे लिहिशील ते मी पप्पांसमोर उभी राहून मोठ्याने वाचेन. एक शब्द बदलणार नाय.

मैत्री